बांगड्यांच्या ओळीवरचा कॅमेरा

एरंडोल,
१२ फेब्रुवारी १९९७

प्रिय अक्का,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू ते न फोडताच ठेवून देशील, अशी भीती वाटते. तरी लिहितोय. धुळ्याहून तुझी राखी दरवर्षी वेळेवर येते, पण पाकिटात चिठ्ठी नसते. मी पाकीट उलटं करून झटकून बघतो. तुझी भावजय मंदा हसते मला. म्हणते, बहिणीने धागा पाठवला हेच खूप समजा.

इकडचं बरं आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. स्टुडिओ चालतोय. लग्नसराईत उसंत नसते. आपल्या बालवाडीत आता तुझ्या जागी दुसरी बाई आली आहे, पोरांवर फार ओरडते. तू लावलेला कडुनिंब खिडकीच्या वर गेलाय. नदीपलीकडची यात्राही जवळ आली, आणि कमिटीने या वर्षी पुन्हा मला बोलावलं. इथूनच मूळ विषय सुरू होतो, आणि इथेच माझं पेन अडतं.

चार वर्षांपूर्वीची ती यात्रा तू विसरली नसशील. आदल्या साली गर्दीत दोघींच्या गळ्यातली पोत गेली होती, म्हणून कमिटीने मला पाळण्याशेजारी बांबूचा माळा बांधून दिला आणि दिवसभर शूटिंग करायला सांगितलं. चोराला धाक बसावा म्हणून. मी नवा कॅमेरा खांद्यावर घेऊन वर चढलो तेव्हा खालून पोरं टाळ्या वाजवत होती. अक्का, खरं सांगतो, मी त्या दिवशी जमिनीवर नव्हतोच. तालुक्यात असा कॅमेरा दुसऱ्या कुणाकडे नव्हता, आणि हे मी भेटेल त्याला ऐकवत होतो.

यात्रेहून घरी पोचल्यावर आपल्या गावच्या जीवरामनानांच्या सुनेच्या गळ्यात पोत नव्हती. नानांनी फर्मान काढलं की कॅसेट सगळ्या गावाने मिळून बघायची, शंभर डोळे चोर बरोबर शोधतील. पोलिसांकडे द्यावी, त्यांनी बघावी, हे ना त्यांना सुचलं ना मला. सप्त्याचं जेवण असावं तसं आमंत्रण फिरलं. रविवारी दुपारी शाळेच्या खोलीत खिडक्यांना घोंगड्या लावल्या, आणि टीव्ही मीच मोठ्या दिमाखात जोडला. तू निघताना मला दारात अडवून विचारलं होतंस, की लीलाधर, त्यात सगळेच दिसतात का रे? मी शहाण्यासारखं म्हणालो, ज्याच्या मनात पाप नाही त्याला कसली भीती. नानांचंच वाक्य होतं ते, "ज्याना मनमा पाप नही, त्याले कसानी भीती?" मी फक्त पुस्तकी मराठीत तुझ्या तोंडावर फेकलं. तू घरात वळलीस आणि बघायला आली नाहीस.

पुढचं तुला लोकांनी सांगितलं. माझ्याकडून कधी ऐकलं नाहीस, म्हणून लिहितो. पडद्यावर कासारणीच्या दुकानापुढे तू बसली होतीस आणि ती तुझ्या हातात हिरव्या बांगड्या भरत होती. दाजी जाऊन पाच वर्षं झालेली. खोलीत बायकांत कुजबुज सुरू झाली. नानांच्या घरच्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "चोर ऱ्हायना बाजूले, हाई दखा!" सगळे हसले. आपले आबा उठले आणि बाहेर गेले, अनवाणीच. त्यांच्या चपला संध्याकाळी मी घरी आणल्या.

त्यानंतर आठ दिवसांत चार घरांनी आपली पोरं बालवाडीतून काढली. आबा महिनाभर तुझ्याशी बोलले नाहीत, आणि एका सकाळी तू पत्र्याची पेटी घेऊन धुळ्याच्या गाडीत बसलीस. आणि ती पोत? आखाजीच्या सणाच्या सुमारास नानांच्याच बैलगाडीतल्या कडब्यात सापडली. चोर नव्हताच. नानांनी मारुतीला नारळ फोडला. तुझ्याकडे यायला मात्र कुणाला सवड झाली नाही, नानांनाही नाही आणि मलाही नाही.

मी सगळ्यांना सांगत आलो की कॅमेरा नुसता गर्दीवरून फिरत होता, तू त्यात सापडलीस. हे खोटं आहे. मी तुला माळ्यावरून ओळखलं होतं. बटण दाबून तुला जवळ घेतलं ते मीच. कासारणीने हात दाबला तेव्हा तू तोंड वाकडं केलंस, मग मनगट कानाशी नेऊन बांगड्या वाजवल्यास आणि एकटीच हसलीस. पाच वर्षांत मी तुला तशी हसताना बघितलं नव्हतं. माझे डोळे भरून आले, आणि मी कॅमेरा तुझ्यावरून काढलाच नाही. तू गर्दीतून फिरलीस. मग हातपंपावर साबण लावून एकेक बांगडी उतरवलीस, एकही फुटू दिली नाहीस, रुमालात बांधलीस. मी ते सगळं घेत राहिलो. मायेनेच घेत होतो गं, पण तू कुणाला दाखवायला हसली नव्हतीस, एवढंही मला कळलं नाही.

दुसरं याहून वाईट आहे. कॅसेट लावताना तो भाग येणार हे मला माहीत होतं. माझा हात पुढे पळवायच्या बटणावर गेलाही होता. तेवढ्यात नाना म्हणाले, मधलं काही सोडू नको, नाहीतर लोक म्हणतील लीलाधर कुणालातरी वाचवतो. मी हात मागे घेतला. लोकांनी मला लबाड म्हणू नये, म्हणून मी तुला त्यांच्या पुढ्यात नेऊन ठेवलं. चार वर्षं झाली, अक्का, अजून मला त्या बटणाची लाज वाटते.

यंदा कमिटीला खांबांवर चार कॅमेरे हवेत आणि मंडपात टीव्ही, येणाराजाणारा बघेल असा. पोत खरोखर चोरीला जाते, गेल्या साली एका मोलमजुरी करणाऱ्या बाईची गेली, ती पाळण्याखाली बसून रडत होती. म्हणून मी नाही म्हटलं नाही. पण सांगितलं की टीव्ही पोलिसांच्या तंबूत राहील, तक्रार आली तरच कॅसेट लागेल, ती हवालदार आणि तक्रारवाला एवढेच बघतील, आठव्या दिवशी पुसायची, आणि बांगड्यांच्या ओळीवर कॅमेरा नाही म्हणजे नाही. ते हसले. म्हणाले, तू कॅमेरावाला की वकील? अजून काही ठरलेलं नाही. मानलं नाही तर त्यांनी जळगावहून दुसरा माणूस आणावा.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. आबांना संक्रांतीच्या आदल्या दिवशी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आहे, बोलणं जड झालंय. जळगावच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, यावरून काय ते समज. ती कॅसेट मी पुसली नव्हती. कमिटीला कोरी दिली आणि ही कपाटात ठेवली, तीही तुला न विचारताच. गेल्या आठवड्यात आबांचे पाय चेपताना मी त्यांना सगळं सांगून बसलो. ते तर बांगड्या भरतानाच उठून गेले होते, पुढचं त्यांनी बघितलंच नव्हतं. मग म्हणाले, "हसनी व्हती का रे ती?" मी हो म्हटलं. तेव्हापासून रोज डाव्या हाताने टीव्हीकडे दाखवतात, "माले एकदाव दखाड." मी पहिल्यांदाच नाही म्हणालो. म्हटलं, आबा, अक्काला विचारल्याशिवाय ती कॅसेट कुणालाच दाखवणार नाही, तुम्हालाही नाही. ते रागावले नाहीत. "मंग इचार," एवढंच म्हणाले. म्हणून विचारतोय. हो असेल तर एक ओळ पाठव, नाही असेल तरी पाठव. तू नाही म्हणालीस तर मी त्यांना तसंच सांगेन आणि कॅसेट तुझ्याकडे पाठवून देईन. आणि तू स्वतःच आलीस तर ती लागणारच नाही. हातात काय घालून यायचं ते तुझं तू ठरव. सकाळच्या एसटीने निघालीस तर दुपारच्या आत पोचशील. आबांची खाट मी दाराकडे तोंड करून ठेवली आहे.

तुझाच,
लीलाधर