सर्व हजर

३ मार्च, सोमवार

आज नव्या नोकरीवर रुजू झालो. जागा झकास आहे. समुद्रातल्या तेलाच्या रिगवर जाणाऱ्या कामगारांना इथे आधी आठवडाभर शिकवतात: आग लागली तर काय करायचं, पाण्यात पडलं तर काय, धुरात वाट कशी शोधायची. त्यासाठी मोकळ्या मैदानात लोखंडाची तीनमजली रिग उभी केली आहे. खाली समुद्र नाही, फरशी आहे. स्टोअर सांभाळणारे काका म्हणाले की ही जगातली एकमेव रिग, जिच्यावरून पडलं तर माणूस बुडत नाही, नुसता मोडतो.

मला वेगळी खोली मिळाली. खाट, कपाट, खिडकी, आणि नळ गळत नाही. वही नवी घेतली. ताईने फोनवर बजावलं की रोज चार ओळी लिही, नववीत शाळा सुटली म्हणून अक्षर सोडू नकोस.

मुख्य प्रशिक्षकांना सगळे कप्तान म्हणतात. त्यांनी जहाज कधी चालवलेलं नाही. सगळी नोकरी अग्निशामक दलात गेली. मला म्हणाले, तू खऱ्या रिगवर होतास, खरी आग पाहिलीस, तुझ्यासारखा माणूस आम्हाला हवाच होता. मी हो म्हणालो.

४ मार्च, मंगळवार

माझं काम हजेरीच्या फळ्याचं. फळ्यावर चोवीस खिळे, प्रत्येकावर एका माणसाचं कार्ड. एक बाजू लाल, एक हिरवी. भोंगा वाजला की सगळ्यांनी फळ्यापाशी धावत यायचं आणि आपापलं कार्ड लालवरून हिरवं करायचं. एखादं लाल राहिलं, म्हणजे तो माणूस आत अडकला आहे. मग दोघांनी मास्क लावून त्याला शोधायला आत शिरायचं. सगळी हिरवी झाली, तर कोणी आत जात नाही.

दर शुक्रवारी कप्तान एक गंमत करतात. एका शिकाऊ कामगाराला गुपचूप धुराच्या खोलीत बसवतात. ही खोली रिगवरच्या झोपायच्या खोलीसारखी आहे, वर-खाली बंक असलेली. धूर यंत्राचा, निरुपद्रवी, थोडा गोडूस वासाचा. एक कार्ड लाल राहतं, आणि ते कोणाच्या लक्षात येतं का, हीच परीक्षा. कप्तान म्हणाले की आपलं सगळं दुकान त्या एका लाल कार्डावर चालतं.

फळ्याच्या वर त्यांनी माझ्याकडून मोठ्या अक्षरात नियम लिहवून घेतला: दुसऱ्याचे कार्ड फिरवू नये. एवढ्या तीन शब्दांना आणि एका 'नये'ला मला दुपार लागली. कप्तान म्हणाले, अक्षर छापल्यासारखं आहे, पण एवढा वेळ का लागला? मी म्हणालो, शिडीवर उभं राहायची सवय गेली आहे.

७ मार्च, शुक्रवार

पहिला सराव. आत बसवला होता रिगवर स्वयंपाकी म्हणून जाणारा एक गोलमटोल गडी. फळ्यापाशी तेवीस जण जमले. मी मोजले. कार्डं मात्र चोवीसही हिरवी.

वीस मिनिटं कोणी त्याला शोधायला गेलं नाही. शेवटी कप्ताननीच दार उघडलं. गडी हसत बाहेर आला. म्हणाला, मला वाटलं, मला विसरून सगळे जेवायला गेलात, आणि जेवण तर मी केल्याशिवाय होत नाही. सगळे हसले, कप्तान सोडून. त्यांनी विचारलं, याचं कार्ड कोणी फिरवलं? मग ते शांतपणे म्हणाले की असल्या मैत्रीने माणूस मरतो, आणि मैत्री करणारा जेवत-खात जगतो.

मी मागे मास्क धूत होतो. एकच मास्क तीनदा धुतला गेला.

१० मार्च, सोमवार

ताईचा फोन. भाच्याच्या शाळेचं सांगितलं. मग पुन्हा तेच विचारलं. भावोजींना रिगवरच्या त्या आगीत जाऊन वर्ष होत आलं, तरी ती चौकशीचा अहवाल घेऊन बसते. त्यात लिहिलं आहे की भोंगा वाजल्यावर ते फळ्यापाशी आले, कार्ड फिरवलं आणि कोणाला न सांगता परत आत गेले. ताई म्हणाली, बाहेर आलेला माणूस परत आगीत कशाला जाईल रे? आमच्यापेक्षा आत त्यांचं काय ठेवलेलं होतं? भाचा आता विचारतो, बाबांना घरी यायचं नव्हतं का?

मी म्हणालो, आवाज नीट येत नाही. आवाज स्वच्छ येत होता.

१४ मार्च, शुक्रवार

नवी तुकडी. या वेळी क्रेनवाल्याला आत बसवलं. मी फळ्याला खेटून उभा राहिलो. तेवीस हातांनी तेवीस कार्डं फिरवली. चोविसावं लाल होतं. हे मी शपथेवर लिहितो. वेळ टिपायला घड्याळाकडे पाहिलं, एक क्षण. मान वर केली तर हिरवं.

कार्ड कोमट होतं. कडेवर काजळीचा अंगठा उमटला होता.

फळ्याजवळ मी एकटाच होतो. कप्ताननी मला बाजूला घेऊन विचारलं की कार्ड तू फिरवलंस का. मी नाही म्हणालो. ते खरं होतं. वर्षभर वाट पाहिली की हा प्रश्न मला कोणीतरी सरळ विचारेल. आज विचारला, तर उत्तर खरं होतं आणि माझ्याच कानाला खोटं वाटलं.

काका म्हणाले, तुला मास्तर व्हायचंय की भूत? जेवून घे, तोंड पांढरं पडलंय.

१७ मार्च, सोमवार

शनिवारी कार्डं मोजून कपाटात कुलूपबंद केली होती. चोवीस. आज पंचवीस.

पंचविसाव्यावर नाव नाही. फक्त 'बंक ३१, वरचा'. अक्षर माझं आहे. जुन्या रिगवरही फळ्याची कार्डं मीच लिहायचो, अक्षर चांगलं म्हणून. बंक ३१ खालचा माझा होता.

कार्डाला मलमाचा वास येतो. भावोजी गुडघ्याला लावायचे, ते. जिने चढून त्यांचा गुडघा धरायचा.

मी ते कार्ड स्टोअरच्या भट्टीत टाकलं.

१८ मार्च, मंगळवार

कार्ड पुन्हा कपाटात आहे. कोरं करकरीत.

लिहूनच टाकतो. वहीला तरी.

दर आठवड्याला सराव असायचा. बारा तासांच्या पाळीनंतर झोपमोड नको, म्हणून आम्ही ठरवलं होतं. एकदा ते माझं कार्ड फिरवणार, एकदा मी त्यांचं. ते म्हणायचे, तू झोप, कार्डाचं मी बघतो. कोणाला कधी कळलं नाही. त्या दिवशी माझी पाळी होती. ते वरच्या बंकवर पाठ करून झोपले होते. मी त्यांना हलवलंसुद्धा नाही. धावत गेलो, दोन्ही कार्डं हिरवी केली.

सराव नव्हता.

चार मिनिटांत हजेरी पूर्ण झाली. अधिकाऱ्याने शाबासकी दिली. सगळे हजर, म्हणून आत कोणी गेलं नाही. मला तेव्हाही बोलता आलं असतं. धूर दिसत होता. मी तोंड उघडलं आणि — मला वाटलं, ते उठले असतील, मागच्या जिन्याने येत असतील. मला वाटलं, आता बोललो तर नोकरी जाईल. हेही वाटलं. हे आधी वाटलं.

ते दारापासून दोन पावलांवर सापडले. आतल्या बाजूला.

चौकशीत मला एकच प्रश्न विचारला: त्यांना फळ्यापाशी पाहिलंत का? मी म्हणालो, गर्दी होती.

२० मार्च, गुरुवार

कप्तान म्हणाले, हा चोर मीच पकडतो. उद्या धुराच्या खोलीत तू बसायचंस. या तुकडीत तेवीसच आहेत, चोविसाव्या खिळ्यावर तुझं कार्ड लावतो आणि त्याच्यासमोर मी स्वतः उभा राहतो. मी लगेच हो म्हणालो. त्यांना आश्चर्य वाटलं.

माझं कार्ड लाल राहू दे. कोणीतरी मला शोधायला येऊ दे. बाहेर आलो की पहिला फोन ताईला. सगळं सांगणार. भावोजी तुम्हाला सोडून गेले नव्हते, हे सांगणार. आजच करायला हवा होता फोन. दोनदा उचलला.

कपाट उघडलं. पंचविसावं कार्ड नाही.

२१ मार्च, शुक्रवार. सकाळी अकरा

धुराच्या खोलीत, खालच्या बंकवर. वही आणि टॉर्च बरोबर आहे. मास्क गळ्यात.

भोंगा झाला. लोखंडी जिन्यावर बूट. कप्तान मोजत आहेत, कर्ण्यावरून ऐकू येतं. वीस. एकवीस. बावीस. तेवीस.

आता ते म्हणतील, एक लाल.

थांबले आहेत.

कप्तान हसले. म्हणतात, अरे गाढवा, तुला आत बसायला सांगितलं होतं ना, तू इकडे कसा? मास्क तरी काढ — बरं, फिरव, फिरव तुझं कार्ड. पुढच्या वेळी —

मी इथे आहे.

कर्णा म्हणतो, चोवीस. सर्व हजर. जेवायला चला.

दार ठोकलं. ओरडलो. बूट दूर जात आहेत. कडी हलत नाही, हाताला चटका देते. यंत्राच्या धुराने कडी तापत नाही. गोड वास नाही आता, रबर जळल्याचा —

मास्कमध्ये हवा येत नाही. मी स्वतः तपासला होता. तीनदा —

दाराखालून कोणी आत आलं. दार उघडलं नाही. एक पाय ओढत चालतं.

मलमाचा वास.

वरचा बंक कुरकुरला. कोणीतरी पाठ टेकली. वरून हात खाली आला आहे, काळा, माझ्या खांद्यावर थोपटतो आहे, हळू, घरच्यासारखा. रागावलेले नाहीत. रागावले असते तर —

म्हणतात, या वेळी माझी पाळी होती. तू झोप. तुझं कार्ड फिरवून आलोय.

टॉर्च पिवळी पडली. दिसतं तोवर

ताई, भावोजी परत आत गेले नव्हते. ते बाहेर आलेच नव्हते. त्यांचं कार्ड मी