डब्याला आलेला ताप

सोमवार, ४ मार्च
चालू झालास का रे फोनबाबा? तारीख तू घाल, बाकीचं मी बोलते. मला अक्षर येत नाही, तुला चहाची चव कळत नाही — फिट्टंफाट!

सूनबाई घरांचे नकाशे काढते. दुपारी जेवणाच्या डब्याएवढ्या कॉम्प्युटरला चित्र रंगवायला बसवते आणि बाहेर जाते. मग आम्ही दोघंच. मी त्याच्यावर शाल टाकते, ऊबदार झाली की पांघरते. आतला पंखा घुंऽऽ करतो. लांब कुठेतरी पाणी वाहतंय असं वाटतं, आणि डोळा लागतो.

मंगळवार, ५ मार्च
डबा पुन्हा तापून बंद! चित्र अर्धवट. शनिवारपर्यंत लांबच्या शहरातल्या कंपनीला पाठवायचंय — आवडलं तर नोकरी. लेक ताटावरून म्हणाला, "फेकून दे तो डबा." हल्ली नवराबायकोचं बोलणं मीठ मागण्यापुरतंच.

नोकरी मिळाली की दोघं जाणार. मी इथे भिंतींना टोमणे मारणार!

बुधवार, ६ मार्च
तिने डबा उघडला. पंख्यात धुळीचा बोळा, मांजराच्या पिल्लासारखा मऊ. "आई, फुंकू नका हं!" फुंकलंच मी. दोघी शिंकत बसलो. किती दिवसांनी हसली! मग चिप गार ठेवणारा वाळका लेप पुसून नवा लावला, वाटाण्याएवढा.

"एवढुस्साच? कंजूष!"
"जास्त झाला तर उष्णता अडकते, आई."

गुरुवार, ७ मार्च
दुपारी स्वप्न पडलं. मी डब्यातच राहते. इवल्या इवल्या खोल्या, निळे दिवे लुकलुकतायत, छान वाटतंय. पण वारा येईना. छपरावर कुणीतरी आकाशच पांघरून ठेवलंय.

जागी झाले. शाल डब्यावर, डबा बंद. हात लावला तर तवा!

वरच्या जाळीतून तो श्वास घेतो होय! आणि मी रोज त्याचं तोंड दाबतेय.

नाही सांगितलं तर? शनिवार उलटेल. ती इथेच राहील. विचार वाईट, पण बराच वेळ सोडवेना.

हे आता बोलतेय, तो गार झाल्यावर.

शुक्रवार, ८ मार्च
सांगितलं. ती बघतच राहिली. "आई! मी आठवडाभर स्क्रू पिळतेय!"
"मग? हाताला व्यायाम झाला."
रागावेल वाटलं. माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली नुसती. डबा रंगवत राहिला.

शनिवार, ९ मार्च
चित्र गेलं. वेळेत.

गुरुवार, १४ मार्च
नोकरी मिळाली. लेक बाहेर गेल्यावर तिने चहा ठेवला आणि दोन तिकिटं दाखवली. "एक माझं. एक तुमचं. याल?"
"आणि माझा लेक?"
"त्याला मी विचारलेलं नाही, आई. विचारणारही नाही."

पोटचा तो. विचारलं हिने.

चहा निवला. मग म्हटलं, "खिडकीची जागा माझी."