सभागृहातल्या आसनांबद्दल मामांस

तीर्थस्वरूप मामांस,

नमस्कार करते आहे तो मान ताठ ठेवूनच, हे आधी सांगते. तुमच्या मानेचा पट्टा सुटला का? मामींच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं आईकडून कळलं. त्यांना माझा नमस्कार सांगा, आणि तो मात्र पूर्ण वाकून आहे. इकडे सगळे ठीक. म्हणजे आई ठीक आहे, आणि मी गेल्या आठवड्यापासून दिसेल त्याच्या अंगावर धावून जाते आहे. आई म्हणाली, मामाला काही लिहू नकोस, त्याचं मन हळवं आहे. असेल. पण तुमचं मासिक पत्रक निर्दयी आहे, त्याचं काय करायचं? (हे पत्र मुद्दाम कागदावर लिहिते आहे. ईमेल केलं तर त्यातलं अर्धं तुम्ही पुढच्या अंकात छापाल.)

'संगणकावर नकाशे काढणाऱ्यांसाठी क्लृप्त्या आणि बातम्या' असं 'सरळ रेघ' या तुमच्या पत्रकाच्या कपाळावर लिहून निवृत्तीनंतर तुम्ही ते दर महिन्याला आमच्या माथी मारता. आजवर मी निमूट वाचलं. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की कुठलं बटण कुठे राहायला गेलं हे तुम्ही इतक्या जिव्हाळ्यानं कळवता, की जणू चुलत्यांनी बिऱ्हाड हलवलंय. (या वेळची आवृत्ती तर कुणीतरी सूड म्हणून काढली आहे. रेघ छाटायची कात्री होती तिथे आता मदतीचं प्रश्नचिन्ह आहे, आणि मदत मागितली की ते मलाच विचारतं, हे उत्तर तुम्हाला उपयोगी वाटलं का.) वाचकांच्या पत्रव्यवहारातला तो 'एक आभारी वाचक' दर महिन्याला अगदी तुमच्यासारखेच अर्धविराम कसे देतो, हेही मी कधी विचारलं नाही. घरातली गोष्ट म्हणून सोडून दिलं. पण तुमच्या दोन क्लृप्त्यांनी मिळून माझी जी शोभा केली, ती कशी सोडू?

पहिली क्लृप्ती आठवते? 'ब्लॉकना मायबोलीत नावं द्या.' मामी हे पत्र वाचतीलच, म्हणून त्यांच्यासाठी सांगते. नकाशात एखादी वस्तू पुन्हा पुन्हा लागत असेल, तर ती एकदाच काढायची, तिला नाव द्यायचं, आणि मग हवी तिथे मांडत सुटायचं. मूळ वस्तू बदलली की मांडलेल्या सगळ्या आपोआप बदलतात. याला ब्लॉक म्हणतात आणि हा आमच्या धंद्यातला स्वर्ग आहे. मला साहेबांनी एका सभागृहाचा नकाशा दिला होता. इतकी वर्षं मी त्यांच्या नकाशांना दारं-खिडक्या लावत आले. अख्खी इमारत माझ्या हाती पहिल्यांदाच आली. मी प्रेक्षकांची खुर्ची काढली, तुमचं स्मरण केलं आणि तिला नाव दिलं 'आसन'. मग रांगांमागून रांगा मांडल्या. अर्धवर्तुळात, उतारावर, प्रत्येकाला मंच दिसेल अशा. मामा, ते इतकं छान दिसत होतं की मी आईला ऑफिसात बोलावून दाखवलं.

दुसरी क्लृप्ती: 'सॉफ्टवेअरचे फालतू प्रश्न बंद करा, वेळ वाचवा.' म्हणजे यंत्र जे मधे मधे विचारतं, खात्री आहे का, बदलू का, ते सगळं एका फटक्यात गप्प करायचं. मी गप्प केलं. किती शांत वाटलं म्हणून सांगू. लग्नानंतर इतकी शांतता फक्त नवरा दौऱ्यावर गेला की मिळते.

आता शेवटी प्रसाधनगृह राहिलं होतं. ते नव्यानं काढायचा कंटाळा आला. तुमच्या पत्रकासोबत तयार प्रसाधनगृहाची फाइल आली होती, ती उचलली आणि माझ्या नकाशात आणली. मामा, त्या फाइलमध्ये तुम्ही कमोडला काय नाव दिलं होतं? 'आसन'. शौचकूप लिहायला लाज वाटली का? संडास म्हणालात तर पेन्शन बंद होणार होती का? एरवी यंत्रानं मला विचारलं असतं, बाई, या नावाची वस्तू आधीच आहे, जुनी ठेवू की नवी. पण त्याचं तोंड आपण बांधलेलं. त्यानं नवी ठेवली, आणि सभागृहातली एकूण एक खुर्ची कमोड झाली.

तुला दिसलं नाही का, असं तुम्ही विचाराल. साहेबांनीही विचारलं. नाही दिसलं. अख्खी इमारत एका कागदावर आणली की खुर्ची तांदळाच्या दाण्याएवढी होते, आणि वरून पाहिलं तर दोघांत फरक तो काय? मागे चौकोन, पुढे गोलाई. पण साहेबांना सगळं मोठं करून दाखवायची हौस. सभागृह बांधणाऱ्या समितीपुढे त्यांनी नकाशा भिंतीवर पाडला, काठी घेतली आणि पहिल्या रांगेपाशी जाऊन चित्र मोठं करत करत म्हणाले, "ही मान्यवरांची जागा. यांच्या सोयीचा आम्ही विशेष विचार केला आहे."

समितीच्या अध्यक्षबाई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"पाठीमागे हे चौकोनी काय आहे?"

"तो पाठीला आधार," साहेब म्हणाले. (ते स्वतः भिंतीकडे बघतच नव्हते.)

"त्यावर दट्ट्या दिसतो."

"खुर्ची मागे रेलायला असेल."

"आणि हे झाकण?"

मग साहेबांनी भिंतीकडे पाहिलं, आणि नंतर माझ्याकडे. जमीन दुभंगून पोटात घेते म्हणतात, पण आम्ही दुसऱ्या मजल्यावर होतो. मी उभी राहिले आणि सांगितलं की ते कमोड आहेत, चुकून आले आहेत, आणि चूक माझी आहे. मग कोपऱ्यातले एक सभासद गंभीरपणे म्हणाले, "नाटक कितीही लांबलं तरी माणूस उठून जायचा नाही." त्यावर जो हशा पिकला तो जिन्यातही ऐकू आला असणार, कारण चहावाला डोकावून गेला. अध्यक्षबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या खाली मान घालून पुढ्यातल्या कागदावरचा नकाशाच बघत होत्या, आणि त्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

ऑफिसात परतल्यावर साहेब म्हणाले, "उद्यापासून जिन्याचे कठडे काढ." बस्स. सभागृह माझ्याकडून काढून शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना दिलं. ते गृहस्थ आता मला रोज सकाळी "आसन ग्रहण करा" म्हणतात. रात्रंदिवस जीव ओतून काढलेली ती उतरती रांग, मामा, ती माझी होती. ती दुसऱ्याच्या पडद्यावर बघताना मला रडू आलं असतं, पण राग आधी आला, म्हणून वाचले.

तेव्हा माझं नाव तुमच्या यादीतून काढून टाका. मला क्लृप्ती नको, बातमी नको, नवं बटण कुठे गेलं ते नको. ते जिथे असेल तिथे सुखी राहो.

आपली नम्र (नाइलाजानं),
भाची

ता. क. पाकीट चिकटवणार तोच साहेबांनी बोलावलं. अध्यक्षबाईंचा फोन आला होता. त्या दिवशी त्या मान खाली घालून तुमचं प्रसाधनगृह बघत होत्या. बायकांच्या बाजूला आत शिरायचं दार एक आणि निघायचं वेगळं, मूल ठेवायला फळी, पर्स अडकवायला खुंटी. म्हणाल्या, आयुष्यभर मध्यंतर रांगेत काढलं, असा विचार कुठल्याही नकाशात पाहिला नाही. आता त्यांना ते दुप्पट मोठं हवं आहे, आणि काम उभं राहून चूक सांगणाऱ्या त्या मुलीनंच करायचं, असंही त्यांनी सांगितलं. सभागृह परत माझ्या टेबलावर आलं आहे. मी मेहेरबानी मानलेली नाही.

ता. क. दोन. तुमची ती फाइल मी ओढून दुप्पट करायला गेले, तर नव्या आवृत्तीत भिंती तिरप्या झाल्या आणि एक दार थेट मंचावर उघडलं. सोमवारी समिती बसते आहे. तेव्हा मानेचा पट्टा लावूनच बसा, पण तुम्हीच मोठी करून रविवारपर्यंत ईमेल करा. माझं नाव यादीत तूर्त राहू द्या, नाहीतर फाइल येणार कशी. राग गेलेला नाही, हे लक्षात असू द्या.

ता. क. तीन. आईनं आता सांगितलं की मामींचा एकदा रांगेत नाटकाचा अख्खा दुसरा अंक चुकला होता, त्यावरून तुम्ही ते प्रसाधनगृह काढलंत. मला हे माहीत नव्हतं. नकाशाच्या कोपऱ्यात 'आखणी' असा रकाना असतो. तुम्ही काढलेल्या नकाशांवर तिथे आयुष्यभर तुमच्या साहेबांचंच नाव पडलं. या वेळी प्रसाधनगृहापुरतं तुमचं टाकायला मी आमच्या साहेबांकडून होकार घेतला आहे. (ते नाखूश होते, मी त्यांच्यावरही ओरडले.) तर पूर्ण नाव कसं लिहू ते कळवा. लहानपणापासून नुसतं मामा म्हणत आले, आणि रकान्यात ते चालत नाही.