मुंगीची सही

प्रिय महाराज,

'प्रिय' लिहिताना हात अडला, पण पत्राची सुरुवात दुसरी कशी करतात ते मला येत नाही, तेव्हा तेवढं चालवून घे. 'महाराज' ही हाकही तू बऱ्याच वर्षांत ऐकली नसशील. तुझ्या ऑफिसात सगळे 'सर' म्हणतात असं कळलं. आमच्यासाठी मात्र तू महाराजच. दिसेल त्याला धरून सॉफ्टवेअरच्या स्वातंत्र्यावर प्रवचन द्यायचास, म्हणून आपल्या टोळीने ठेवलेलं नाव आहे ते.

तुझं पत्र मिळालं. काय पत्र आहे! साखर पेरण्यात तुझा हात कोणी धरणार नाही. आधी माझ्या तब्येतीची चौकशी, मग ताई गेल्याचं 'उशिरा कळलं' म्हणून हळहळ, मग आपल्या जुन्या खोलीची आठवण, आणि पान उलटल्यावर खरं दुखणं. कंपनी विकायची आहे. घेणारे मोठे आहेत आणि त्यांचे वकील चिकट आहेत. मूळ प्रोग्राम ज्यांनी ज्यांनी लिहिला त्या प्रत्येकाने 'माझा यावर हक्क उरलेला नाही' असं सहीनिशी लिहून द्यायला हवं. बाकीच्यांच्या सह्या झाल्या. माझी तू गृहीतच धरली आहेस, त्यात नवीन काही नाही. अडलंय ते 'मुंगी' या टोपणनावामागच्या माणसापाशी. 'तुझा मुंगीशी संपर्क होता ना, एकदा गाठ घालून दे, मी पटवतो त्याला,' असं तू लिहितोस. ईमेलने उत्तर दिलं असतं, पण तुझे ईमेल आता तुझी सेक्रेटरी वाचते हे मला चांगलंच माहीत आहे, आणि हे पत्र तू एकट्याने वाचावंस अशी माझी इच्छा आहे.

बॅटरीच्या दुकानावरची ती खोली तुला आठवते म्हणालास. मलाही आठवते. खालून ॲसिडचा वास यायचा आणि तू म्हणायचास, सवय होते. एका खुर्चीचा हात तुटलेला होता आणि ती कायम माझ्या वाट्याला यायची. लॅपटॉपवर तू इतके स्टिकर चिकटवले होतेस की तो कुठल्या कंपनीचा आहे हे तुझं तुलाच आठवत नसे, आणि त्याचाही तुला अभिमान. कोड लिहायला मी कुठला एडिटर वापरते यावरून तू माझ्याशी अबोला धरला होतास. आपलं लग्न ठरायच्या बेतात होतं आणि नवरदेव एडिटरवरून रुसले होते! आणि तो प्रिंटर? दुसऱ्या कंपनीची शाई घेत नाही म्हणून खांद्यावर टाकून दुकानात परत नेलास आणि त्या बिचाऱ्या विक्रेत्याला भर गिऱ्हाइकांत सुनावलंस, "वस्तू माझी, तर कुलूप तुमचं कसं काय?" मी दारात उभी होते. शरमेने मेल्यासारखं झालं होतं, आणि त्याच क्षणी मला वाटलं होतं की याच माणसाबरोबर जन्म काढायचा. किती मूर्ख होते मी.

हेही लिहून टाकते, कारण ते कधी बोलले नाही. संमेलनांमध्ये लोक मला विचारायचे, "तुम्ही यांच्याबरोबर आलात का?" प्रोग्रामचा अर्ध्याहून जास्त भाग माझा, आणि मला प्रश्न विचारला तर उत्तर तुझ्याकडे बघून ऐकायचे. एकदा एका दाढीवाल्याने मला नोंदणीच्या टेबलावरची मुलगी समजून बॅग सांभाळायला दिली. तू हसलास. मग मंचावर जाऊन सांगितलंस की आपल्या या जगात माणसाचं वय, रूप, पद कोणी विचारत नाही, फक्त काम बघतात. टाळ्या पडल्या. माझ्या मांडीवर त्या दाढीवाल्याची बॅग होती.

पण तुझं ते वाक्य एका माणसाने मनावर घेतलं होतं.

ताईचा आवाज जाणार हे कळलं तेव्हाची गोष्ट. तिचा आवाज तुला ठाऊक आहे. तिच्या गणिताच्या तासाला शेवटच्या बाकावरचं पोरसुद्धा जांभई गिळायचं. डॉक्टरांनी सांगितलं की आधी हात जातील, मग बोलणं. ताईने मला हुकूम सोडला, रड नंतर, आधी आवाज साठव. रेकॉर्डिंगमध्ये बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून आपण तिला कपड्यांच्या कपाटात बसवून, भोवती पांघरुणं लावून बोलायला लावलं. वाक्यांची यादी तू केली होतीस आणि ती मध्येच थांबून तुझी वाक्यं तपासायची. घामाघूम होऊन बाहेर आली की म्हणायची, या मुलाला जेवायला घाल, हाडं दिसताहेत त्याची. तू तिच्या हातचं जेवलास, महाराज. एकदा दोनदा नाही. ती तुला आपला धाकटा भाऊच समजायची आणि तूही ताई ताई करत तिच्या मागे असायचास.

त्या आवाजातून आपण प्रोग्राम उभा केला. टाइप केलेलं वाक्य ताईच्या आवाजात बोलणारा. आणि एक ओळ कोड लिहायच्या आधी तू परवान्याची फाइल लिहिलीस, हे मी आजही मान्य करते. कोणीही घ्या, वापरा, बदला, पुढे द्या. अट एकच, बदललंत तर बदल उघडे ठेवा, स्वतःच्या सर्व्हरवर ठेवून लोकांना वापरायला दिलंत तरी उघडे ठेवा. कुलूप लावायचं नाही. लिहिणाऱ्या प्रत्येकाचा हक्क त्याच्याकडेच राहील आणि सगळ्यांची संमती असल्याशिवाय ही अट बदलता येणार नाही. हे शेवटचं वाक्यही तुझंच. आज तेच वाक्य तुझ्या गळ्याशी आलंय, याचा मला किती आनंद होतो हे लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

सुरुवातीला तो आवाज लाकडी होता. शब्द ताईचे, पण बोलणारं माणूस नव्हे. मग कुठूनसा मुंगी उगवला. नाव नाही, गाव नाही, नुसतं टोपणनाव. त्याने पाठवलेल्या पहिल्याच दुरुस्तीने प्रोग्राम श्वास घ्यायला लागला. लांब वाक्याआधी छाती भरून घेणं, 'नाही' म्हणायच्या आधी किंचित थांबणं, राग आला की शब्दांमधली जागा कमी होणं. आपण दोघं खुर्च्या सोडून उभे राहिलो होतो. तू तर मुंगीचा भक्तच झालास. तुझा कोड त्याने एकदा परत पाठवला होता, खाली शेरा मारून, 'चालतंय, पण का चालतंय ते तुम्हाला माहीत नाही. पुन्हा लिहा.' तो शेरा छापून तू भिंतीवर लावलास. सगळ्यांना सांगत सुटलास की हा कुठल्या तरी विद्यापीठातला म्हातारा प्राध्यापक असणार. तो, त्याला, त्याचं. मी मूग गिळून बसले, कारण मला तशी शपथ घातलेली होती.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने एकदा ऐक. तू कंपनी काढलीस. म्हणालास, सगळं उघडंच राहील, फक्त सर्व्हरकडचा थोडा भाग तात्पुरता आत ठेवू. त्या 'तात्पुरत्या' शब्दावरून आपलं भांडण झालं, आणि लग्नही तिथेच राहिलं. ताईने मात्र तुझीच बाजू घेतली. पोराला जरा पाय रोवू दे, म्हणाली. तिचा आवाज तुझ्या सर्व्हरवर हलवायला तिनेच परवानगी दिली, दर्जा सुधारेल असं तू सांगितलंस म्हणून. तिच्या टॅब्लेटवरची जुनी आवृत्ती तुझ्याच माणसाने येऊन पुसली. मी तिथेच उभी होते. प्रत ठेव म्हटलं, तर तो म्हणाला, गरज नाही, मॅडम, सगळं सर्व्हरवर सुरक्षित आहे.

आणि मग एका सकाळी ताईने 'चहा' टाइप केलं आणि टॅब्लेट बोलला नाही. पडद्यावर चौकट आली. हे उपकरण जुनं झालं आहे, कृपया नवीन योजनेत सामील व्हा. मी नवीन योजनेत सामील व्हायला निघाले, तर जुने आवाज नवीन योजनेत येत नाहीत, त्यासाठी पुन्हा रेकॉर्डिंग करावं लागेल. कोणाचं रेकॉर्डिंग करू? बोलणं जाऊन वर्षं झालेल्या बाईचं? मी फोन केले. मला तक्रार क्रमांक मिळाले. तुला ईमेल केले. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' असं उत्तर आलं, आणि खाली तुझं नाव. मी तुझ्या ऑफिसात आले, ते तरी तुला कोणी सांगितलं का? काचेच्या दारापलीकडे तू दिसत होतास, कोणाशी तरी हसत होतास. रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, अपॉइंटमेंट आहे का.

ताई त्यानंतर फार दिवस राहिली नाही. हॉस्पिटलात, बोटंही थांबल्यावर, तिच्यासमोर मी अक्षरांचा तक्ता धरायचे, एकेका अक्षरावर बोट ठेवायचे आणि बरोबर अक्षर आलं की ती पापणी मिटायची. एवढ्या बोलक्या बाईचं बोलणं असं पापणीवर आलं. एका दुपारी तिने खूप वेळ घेऊन एक वाक्य पुरं केलं. मला वाटलं काही निरवानिरव असेल. वाक्य होतं, 'त्याला रागावू नकोस, बग असेल.' बग! प्रोग्राममधली नकळत राहिलेली चूक! केसाने गळा कापणाऱ्या माणसाची ती जाता जाताही वकिली करत होती. मी मान डोलावली. तिच्याशी खोटं बोललेली ती एकच वेळ.

बग नव्हता तो. तुझ्या कंपनीतून बाहेर पडलेल्या एकाने मला नंतर सांगितलं की जुने आवाज सांभाळण्याचा खर्च कोणी उचलायचा यावर बैठक झाली होती आणि ते बंद करण्याचा निर्णय तू घेतला होतास. यादीत कोणाकोणाचे आवाज आहेत हे तू वाचलंसुद्धा नाहीस. तेव्हापासून मी वाट बघतेय. घाई केली नाही. तू सगळा प्रोग्राम नव्याने लिहून घेतलास, माझा भाग काढून टाकलास, हे कळलं. श्वासाचा भाग दोनदा लिहून घेतलास आणि दोन्ही वेळा आवाज लाकडी झाला, हेही कळलं. शेवटी मुंगीचाच कोड नाव पुसून तसाच ठेवलास. तेव्हा मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

आता तुझ्या मुंगीबद्दल. तो प्राध्यापक नाही. तो 'तो'ही नाही. मंचावरून तू म्हणाला होतास ना, की इथे फक्त काम बघतात, ते कपाटातून बाहेर आलेल्या एका आजारी मास्तरणीने खरं मानलं. उजव्या हाताचं एक बोट तेवढं चालत होतं, तेव्हा ती कोड शिकली. माझ्याकडून वचन घेतलं की महाराजला सांगायचं नाही, आजारी बाईचं म्हणून कौतुक नको, चुकलं तर त्याने तसं तोंडावर सांगायला हवं. तुझ्या भिंतीवरचा तो शेरा ताईचा होता. तुझ्या कंपनीच्या प्रत्येक आवाजात जो श्वास आहे तो तिचा आहे, आणि तिचे सगळे हक्क तिने माझ्या नावाने केले आहेत. तुझ्या गिऱ्हाइकाच्या वकिलांनीही मला विचारलं होतं. मुंगी कोण, हक्क कोणाकडे आणि सही का मिळणार नाही, हे मी त्यांना सविस्तर कळवलंय. हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर त्यांनी काढता पाय घेतलेला असेल.

मग हे पत्र कशाला, असं वाटेल तुला. गप्प बसले असते तरी तू बुडालाच असतास, आणि मी काठावर बसून बघितलं असतं. पण परवा एका बसड्रायव्हरने मला लिहिलंय. त्याच्या बायकोचा आवाज तुझ्या सर्व्हरवर आहे. कंपनीचं काही बरंवाईट झालं तर ती बोलेल ना, एवढंच विचारलंय त्याने. अशी माणसं तुझ्याकडे हजारोंनी आहेत, आणि मी तुला बुडवलं तर त्यांची तोंडं माझ्या हाताने बंद होतील. म्हणून लिहितेय, फक्त म्हणून. सगळा कोड उघडा कर, आणि ज्याचा आवाज त्याच्या हातात दे, स्वतःच्या यंत्रावर चालेल असा. मग परवाना पाळला जाईल आणि तो मोडल्याबद्दल तयार ठेवलेली नोटीस माझी वकीलबाई फाडून टाकेल. कंपनीला त्यानंतर कोणी दारात उभं करणार नाही, हे मला माहीत आहे आणि मला तेच हवं आहे. मला भेटायला येऊ नकोस, रडू नकोस, ताईची आठवण काढू नकोस. आणि सही तर मागूच नकोस. तुझ्यासाठी ती हसत 'हो' म्हणाली असती रे. ज्या आवाजाने म्हणाली असती, तो तू बंद केलास.

एके काळी तुझीच असलेली,
मुंगीची धाकटी बहीण