झाकणाच्या रिंगखाली

आई,

चौदा जून, रविवार, दुपारी तीन वाजून वीस मिनिटं. तारीख आणि वेळ आधी लिहायची ही माझी सव्वीस वर्षांची सवय. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, नोकरीत मी लोकांच्या हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासली, आणि माझ्या प्रत्येक नोटिशीची पहिली ओळ हीच असायची, गुन्हा कधी घडला. तर त्या वेळी, लंडनच्या हॅरोतल्या माझ्या घरात, माझ्या टेबलावरून तुझ्या नातसुनेनं सहा वाट्या उचलल्या आणि त्यांतलं आंब्याचं आइस्क्रीम एकेक करून कचऱ्याच्या डब्यात ओतलं. तिचे आईवडील ब्रिस्टलहून जेवायला आले होते, ते हातात रुमाल धरून बघत राहिले. "आई, याला वास येते," ती म्हणाली. जन्म इथला, मराठीही इथलीच. मी म्हटलं, "येते नाही, येतो. आणि येत नाही." व्याही हसले, ती हसली नाही. तुझ्या पणतीच्या हातातला चमचा तिनं तोंडाशी पोचायच्या आत काढून घेतला. पोरगी सात वर्षांची आहे. तू तिला बघितलं नाहीस. तिचे सांधे सुजतात, आणि ते सुजू नयेत म्हणून तिला अशी औषधं देतात की तिच्या अंगात कुठल्याही जंतूशी भांडायची ताकद फारशी उरत नाही. त्यामुळे तिच्या ताटात काय पडतं याचा त्या घरात चोवीस तास पहारा असतो. पण पहारा माझ्यावर? जिनं लोकांची दुकानं बंद केली तिच्यावर? हे पत्र मी खरं तर सुनेलाच लिहायला घेतलं होतं. कागद तोच आहे, वरचं नाव तेवढं बदललं.

आइस्क्रीमचं मशीन मला रिटायर होताना ऑफिसातल्या लोकांनी दिलं. आतल्या आत गार होणारं, बर्फ नको, मीठ नको, दांडा फिरवायला कुणी नको. मिश्रण ओतायचं, बटण दाबायचं आणि पाऊण तास वाट बघायची. दर वेळी मी भांडं, झाकण आणि आतलं पातं गरम पाण्यानं धुते, फडक्यानं पुसते, पुन्हा जोडते आणि वर कव्हर घालते. कव्हर तुझं आहे. आपल्यात कुठलंही यंत्र उघडं ठेवायची रीत नाही, रेडिओ असो की शिवणयंत्र, त्याला अंगरखा हवाच. माझ्या इथल्या पहिल्या मिक्सरसाठी तू जांभळ्या इरकली साडीचे दोन थर घेऊन, मध्ये जुनी चादर भरून, गोधडीच्या टाक्यानं कव्हर शिवलंस आणि कुणाबरोबर तरी पाठवलंस. मिक्सर जळला, कव्हर राहिलं. आइस्क्रीमच्या मशीनवर ते असं बसलं की तू मापच घेऊन गेली असावीस. मी ते रोज बघते. बघून बरं वाटतं, असं म्हणत आले.

सुनेला खोटं पाडायचं म्हणून मंडळी गेल्यावर मी मशीन ओट्यावर घेतलं आणि ऑफिसात शिकलेल्या पद्धतीनं सगळं सुटं केलं. आणि तेवढ्यात तू आठवलीस. नाशिकचं बँकेचं क्वार्टर, मागच्या अंगणात लाकडी बादलीचा आइस्क्रीमचा पॉट. आइस्क्रीम खाऊन झालं की तू त्या पॉटचा एकही भाग दुसऱ्याला चिकटलेला राहू द्यायची नाहीस. आतला डबा सोड्याच्या पाण्यानं, पाती चिंचेनं, बादली नुसत्या कढत पाण्यानं, आणि मग सगळं गच्चीवर पालथं. तीन उन्हं दाखवल्याशिवाय झाकण डब्याजवळ न्यायचं नाही. मी अकरा वर्षांची, मैत्रिणी दाराशी थांबलेल्या, आणि मी ओल्या डब्यावर झाकण दाबून पळाले. आठवड्यानं तू मला बोलावतेस. ओरडत नाहीस. झाकण उघडतेस, माझी वेणी धरून डोकं डब्यात खाली आणतेस आणि म्हणतेस, "हुंग." मी हुंगते आणि मला कोरडी उलटी येते. "झाकलं म्हणजे धुतलं, असं वाटलं का तुला?" तू विचारतेस, आणि वेणी सोडतेस. पुढची सव्वीस वर्षं मी लोकांना जे काही सांगितलं ते या एका वाक्याचं इंग्रजी होतं.

झाकणाच्या कडेला एक रबराची रिंग असते. ती निघते हे बहुतेकांना ठाऊकच नसतं, मला ठाऊक होतं. दुकानांतल्या मशीनच्या अशा रिंगा मी बोथट सुरीनं उचकटून काढायचे आणि मालकांना दाखवायचे. माझ्या स्वतःच्या घरातली मी पाच वर्षांत एकदाही काढली नव्हती. रविवारी काढली. खाली खाचेत गोल फिरलेली काजळाची रेघ होती, ओली आणि जाड. बोट लावलं तर बोटाला आली. पात्याचा दांडा आतून पोकळ आहे. त्याचं टोपण काढलं तर आतून राखाडी, बुळबुळीत असं काहीतरी सरकत बाहेर आलं. शेवटी तुझं कव्हर उलटं केलं. आतल्या चादरीवर काळे ठिपके, अगदी झाकणाच्या मापाच्या गोलात. इथे दाखवायला ऊन नाही आणि ओल भिंतीत राहते. मी मशीन अर्धवट ओलं जोडायचे आणि वर तुझी गोधडी पांघरायचे. माया करावी तसं वाढवलं मी ते.

सोडा, व्हिनेगर, कढत पाणी, कापसाच्या काड्या, सगळं केलं. प्लास्टिक स्वच्छ निघालं, रबर निघालं नाही, ते तसं निघत नसतंच. मग झाकण नाकाशी धरलं. काही नाही. रिंग धरली, कव्हरमध्ये तोंड खुपसलं. काही नाही, आई. दोन वर्षांपूर्वी छातीचा मोठा सर्दीखोकला झाला होता, त्यानंतर मला वास येत नाही. फोडणी डोळ्यांनी बघते, दूध तारखेवरून टाकते, गॅस बंद आहे का ते दोनदा बघते. कुणाला सांगितलेलं नाही. वास येत नाही असं मी सुनेला म्हटलं ते खोटं नव्हतं. मला येत नव्हता.

सोमवारी सकाळी ते धुतलेलं झाकण घेऊन मी शेजारी गेले. शेजारीण मूळची एडिनबराची, ऐंशीच्या पुढची, बोलायला माझ्याहून तिखट. तिला म्हटलं, जरा वास घेऊन बघ, मला सर्दी आहे. तिनं झाकण नाकाजवळ नेलं आणि मान अशी मागे घेतली की मला पुढचं ऐकायचं नव्हतं. तिनं चेष्टा केली असती तर चाललं असतं. ती हळूच म्हणाली, "यातलं कुणी काही खाल्लं नाही ना?"

खाल्लं होतं. रविवारचं तर सुनेनं वाचवलं, पण त्याआधीच्या बुधवारी शाळा सुटल्यावर पोरगी माझ्याकडे होती. तिच्या आईनं बाहेरचं आणि गोड दोन्ही बंद केलंय, म्हणून मी तिला एक वाटी भरून आइस्क्रीम दिलं आणि म्हटलं, तुला माझ्या गळ्याची शपथ, मम्माला सांगायचं नाही. तिनं विचारलं, सांगितलं तर काय होतं. आपण लहानपणी दिवसातून दहा वेळा गळ्याला चिमटा घेऊन शपथा घालायचो, तसं मी हसत म्हटलं, "सांगितलं तर आजी मरते." ती हसली नाही. तिच्या वयाच्या मुलांना मरणं म्हणजे गोष्टीतली गोष्ट वाटते. हिला नाही वाटत, ही हॉस्पिटलात वाढली आहे. रविवारी चमचा काढून घेतला तेव्हा तिनं माझ्याकडे बघून ओठ घट्ट मिटले होते. मला वाटलं, माझ्या बाजूनं रुसली. ती मला जिवंत ठेवत होती.

सोमवारी दुपारी तुझ्या नातवाचा फोन आला. पोरीला ताप आहे, पोट दुखतंय, बुधवारी सकाळी हॉस्पिटलात रक्त तपासायला बोलावलंय, आणि आठवडाभरात काय काय खाल्लं त्याची यादी आणायला सांगितलीय. "आई, तू तिला बाहेरचं काही दिलं होतंस का? ती तर काही बोलतच नाही. विचारलं की रडते." मी म्हटलं, "माझ्या घरात बाहेरचं येत नाही." शब्द न् शब्द खरा. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर म्हणायच्या, खरे शब्द वापरून बोललेलं खोटं दोनदा मोजायचं, कारण त्याला आधी विचार करावा लागतो. तेव्हापासून तीन वेळा मी त्याचा नंबर लावला आणि तीनही वेळा पलीकडे वाजायच्या आत ठेवला.

आता तुझ्याविषयी. शेजारणीनं मान मागे घेतली त्या क्षणी मला तुझं स्वयंपाकघर दिसलं. माझी शेवटची खेप. मी फ्रिज उघडते, आमटीच्या भांड्यावर पांढरी लव आलेली, आणि समोरच्या घरातल्या काकू स्टुलावर बसलेल्या. मी दुकानदाराशी बोलावं तशी बोलते, "आई, हे हॉटेल असतं तर आज कुलूप ठोकलं असतं." काकू हसतात. तू भांडं माझ्या हातातून घेतेस आणि म्हणतेस, "मला नाही गं आला वास." ही सबब मी इतक्यांच्या तोंडून ऐकली होती की मी सरळ पुढचं भांडं उघडलं. दुसऱ्या दिवसापासून मला वाढण्याआधी प्रत्येक वाटी तू पदराआड दारापाशी नेतेस, काकूंच्या नाकाशी धरतेस, "जरा बघ गं" म्हणतेस, आणि मगच पानात वाढतेस. पाच महिन्यांनी तू गेलीस. डॉक्टर म्हणाले, खाण्यात काहीतरी खराब आलं असावं, या वयात तेवढं पुरतं. मी फोनवर त्यांनाच दोष दिला, वेळेवर निदान केलं नाही म्हणून. लेखी तक्रारही केली होती.

एक गोष्ट मी कुणाजवळ बोललेली नाही. पहिली वाटी काकूंच्या नाकाशी गेली तेव्हाच मला कळलं होतं, तुझं नाक गेलंय. माझं सगळं आयुष्य असल्या खुणा ओळखण्यात गेलं, मला कळणार नाही तर कुणाला. पण कळलं असं कबूल केलं असतं तर विमानाचं तिकीट पुढे ढकलावं लागलं असतं, तुला एकटीला त्या स्वयंपाकघरात सोडता आलं नसतं. म्हणून मी ते झाकलं. इतकी वर्षं त्यावर झाकण आहे.

आज मंगळवार, सोळा जून, दुपारचे साडेतीन. रबराची रिंग काचेच्या बरणीत घालून टेबलावर ठेवली आहे, उद्या हॉस्पिटलला न्यायला. कव्हर पिशवीत बांधलंय, पिशवी अजून दाराशीच आहे. चार वाजता तुझा नातू कामातून मोकळा होतो, तेव्हा मी फोन करणार आणि गेल्या बुधवारची वाटी सांगणार. मग पोरीला फोन द्यायला सांगणार आणि म्हणणार, शपथ सुटली, आजी मरत नाही, विचारतील ते सगळं सांग. हे ठरलंय, त्याला तुझा सल्ला नको. माझ्या नाकाचं सांगू का, एवढंच ठरत नाही. सांगितलं तर ती पोरगी पुन्हा कधी माझ्याकडे एकटी राहणार नाही, आणि त्यांचं बरोबर असेल. तुला पहिल्यांदा कधी कळलं, काकूंना सांगितलंस ते मला का नाही, आणि मी विचारावं म्हणून किती दिवस वाट बघितलीस, या तीन प्रश्नांची उत्तरं मला तुझ्या अक्षरात, लेखी, आज चार वाजायच्या आत हवीत. मुदत वाढवून मिळणार नाही.