नटांवरची लाल रेघ

प्रिय धाकट्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकला असशील. आई ठणठणीत आहे, हे आधी वाच आणि खाली बस. आठ वर्षं आपण दोघं आईच्या फोनमधून एकमेकांची खुशाली ऐकतोय, तेव्हा थेट पत्र म्हणजे काहीतरी विपरीतच, असं वाटणं साहजिक आहे. विषय बाबांच्या मोटारसायकलचा आहे. मी क्रमाने सांगणार, तुला माझा स्वभाव माहीत आहे. उगाच पानं उलटून शेवट बघू नकोस.

आईला आता जिना झेपत नाही. खाली मागची खोली तिला द्यायची ठरली आणि त्या खोलीत गाडी, तू गेलास तेव्हा होती तशीच, चादरीखाली. महिनाअखेरीला रंगारी येणार, म्हणून आईने फर्मान काढलं, की गाडी चालू तरी कर, नाहीतर भंगारात दे. भंगारवाला बघूनही गेला. त्याने टायरवर लाथ मारली, ते मला मुळीच आवडलं नाही. त्याला वाटेला लावलं आणि दातांच्या लॅबमध्ये रजा टाकली. सध्या कवळ्यांचं काम कमी आहे. गावातले म्हातारे दात सांभाळून असावेत.

इंजिन अर्थात जाम होतं. प्लगच्या भोकातून डिझेल आणि तेल ओतून चार दिवस ठेवलं. रोज सकाळी चहा झाला की गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक पुढे-मागे ढकलायचं आणि काही होत नाही हे बघून परत यायचं. पाचव्या दिवशी केसभर हललं. मग टाकी उतरवली, सायलेन्सर काढला आणि इंजिनाचं वरचं झाकण उघडलं. आत सिलिंडरवरच्या हेडचे चार नट. नट आवळून झाले की मी व्हाइटनरने पांढरी रेघ ओढते, अर्धी नटावर, अर्धी खालच्या धातूवर. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. पांढरं असूनही तू त्याला ताईचं कुंकू म्हणायचास. तर त्या चारही रेघा तुटलेल्या होत्या आणि शेजारी चार लाल रेघा होत्या, अगदी सरळ. मला जरा विचित्र वाटलं. पण हातात पाना असला की मला दुसरं काही सुचत नाही. नट काढून ताटलीत टाकले आणि पुढे गेले.

हेड आतून कोरडं ठणठणीत होतं. कॅमशाफ्ट जळून निळं पडलेलं, पिस्टनवर उभे ओरखडे. तेलाचा थेंब वर पोचला नव्हता. आता खरं सांगते, मला बरं वाटलं. आठ वर्षांनी पुरावा हातात आला, की मी म्हणत होते तेच खरं. तू तेल न बघता गाडी काढलीस, इंजिन जाम झालं, मागचं चाक अडकलं आणि तू रस्त्यावर फेकला गेलास. दवाखान्यात तुझ्या गुडघ्याला प्लास्टर घालत होते, तेव्हा मी हे आईसमोर म्हटलं, नर्ससमोर म्हटलं, नंतर मावशीला आणि शेजाऱ्यांनाही सांगितलं. मोजणी खात्यातली तुझी नोकरी शेतं-माळ तुडवायची होती. ती त्या गुडघ्यापायी गेली, तेव्हाही मी म्हटलं, की तेल बघायला दोन मिनिटं लागतात. तू एकदाच म्हणालास, की बघितलं होतं. मी हसले होते. ते हसणं तुला आठवत असणार, मला तर गेले कित्येक दिवस आठवतंय.

कारण पुढचं काम होतं जुनं तेल काढण्याचं. खालचा बोल्ट सोडला आणि तेल येतच राहिलं. काळं झालेलं, पण भरपूर. मी ते मापाच्या भांड्यात ओतून बघितलं, पुन्हा ओतून बघितलं. माप पुरेपूर भरलं. भांडं बाजूला सरकवलं. तेल खाली होतं, तर वर का गेलं नाही, हे शोधायचं राहिलं होतं. सिलिंडर वर उचलला. त्याच्या बुडाशी एक बारीक भोक असतं, त्यातून तेल हेडकडे चढतं. ते बंद होतं. आत सांध्याला लावायच्या राखाडी गॅस्केट पेस्टचा गोळा, तांदळाच्या दाण्याएवढा, घट्ट बसलेला. टाचणीने काढावा लागला. अपघाताच्या तीन आठवडे आधी आपण दोघांनी इंजिन उघडलं होतं ना, खालून तेल गळतंय म्हणून? पेस्ट मी लावली होती. तू म्हणालास पातळ लाव, जास्तीची आत जाते. मी म्हटलं, गळण्यापेक्षा दोन बोटं जास्त बरी, आणि मला शिकवू नकोस.

मग मी ताटलीतले नट हातात घेतले. ती लाल रेघ माझ्या नेलपॉलिशची आहे. कपाटातली बाटली नाहीशी झाली म्हणून मी तुझ्यावर केवढी ओरडले होते, तू काठी घेऊन चालायला लागलास त्या दिवसांत. तू दुपारभर मागच्या खोलीत दार लावून बसायचास. आई म्हणायची, पोरगं झुरतंय. मी म्हणायचे, नाटकं आहेत. तू एका पायावर बसून अख्खं इंजिन उघडलंस. तो गोळा बघितलास. आणि तो तिथेच ठेवून सगळं परत बंद केलंस, नट आवळलेस आणि माझ्यासारखी रेघ ओढलीस. सिलिंडर उचलून जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला असतास तर माझं तोंड जन्माचं बंद झालं असतं. तू मूग गिळून बसलास, बॅग भरलीस आणि गेलास. का, ते मला कळत नाही. मला वाचवायला, की मी कधीतरी स्वतःच उघडीन म्हणून? मी तुझ्या जागी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी आठ वर्षं मारल्या आणि तू ऐकून घेतल्यास. मला फार लाज वाटते आहे, धाकट्या.

गाडीचं म्हणशील तर काम पूर्ण झालंय. लेथवाल्याने सिलिंडर घासून दिला, कॅमशाफ्ट, पिस्टन, रिंगा नवीन. पिस्टनच्या पिनेची क्लिप उडाली ती पाऊण तास शोधली, आईच्या चपलेत सापडली. पेस्ट इतकी पातळ लावली, की लावली का नाही हे भिंगातून बघावं लागलं. नंतर वरचं झाकण उघडं ठेवून, प्लग न लावता किक मारत राहिले, पंधरा-वीस वेळा. आणि हेडमध्ये तेल आलं. एवढंसं, चमकणारं. मी तिथे बसून रडले, आईला वाटलं बोट चिरडलं.

गोळा मी कागदात गुंडाळून ठेवला होता. फेकला असता तर कोणाला काय कळणार होतं, हे मनात आलं, लपवत नाही. एक दिवस तो तसाच खिशात घेऊन फिरले. काल जेवताना आईच्या ताटाशेजारी ठेवला आणि सगळं सांगितलं. तिने घास खाली ठेवला, गोळा चष्म्याजवळ नेऊन बघितला आणि एवढंच विचारलं, की त्याला कळवलंस का. मावशीला मी आज सकाळी फोन केला, शेजाऱ्यांकडे संध्याकाळी जाणार आहे. ज्यांना ज्यांना सांगितलं होतं त्या सगळ्यांची यादी केलीय, बरीच लांब आहे. तुझा नंबर आधी लागायला हवा होता, पण फोनवर माझं तोंड उघडलं नसतं, म्हणून पत्र. रंगाऱ्याला पंधरा दिवस पुढे ढकललंय. नट आवळून ठेवलेत, रेघ ओढलेली नाही. लाल बाटली नवीन आणलीय, रेघ तू ओढायचीस. किक मी मारीन, तुझ्या गुडघ्याला त्रास नको. नाही आलास तरी मी समजून घेईन, पण एक वाक्य मला माझ्या हाताने लिहून तुझ्याकडे पाठवायचं होतं, आठ वर्षं उशिरा का होईना. तेल तू बघितलं होतंस.

तुझीच, आणि या वेळी चुकलेली,
ताई