गाडी तापते, गिऱ्हाइकाला कळवावे

उमेळे

प्रिय भावोजी,

नमस्कार आणि आशीर्वाद दोन्ही पाठवते. मी नात्याने मोठी खरी, पण साहेब म्हणून रिटायर झालेल्या माणसाला नुसता आशीर्वाद कमी पडेल. गुडघा कसा आहे? जाऊबाईंनी दिलेलं तेल लावत असाल, निदान त्यांच्या समोर तरी. इथे सगळं ठीक. आपल्या वाडीत सोनचाफा चांगला आलाय, शेजारच्या वाडीत सात मजले आलेत.

रविवारी गिऱ्हाईक येतंय, तोवर फियाटचं तापणं बघून घ्या, असं तुम्ही म्हणालात. ते बघितलं. (फोनवर तुम्ही मध्ये बोलता, म्हणून पत्र.) तुमच्या भावाची ही गाडी परवापर्यंत तुम्हा सगळ्यांना खटारा होती. लग्नाआधीचे फोटो काढणारे मागायला लागल्यापासून ती क्लासिक झाली. माणसाचंही असंच होतं, फक्त त्याला आधी मरावं लागतं.

इतके दिवस उभी असलेली गाडी नवी बॅटरी घातल्यावर सुरू झाली आणि स्टेशनपर्यंत जाताच जळका वास आला. गोखिवऱ्याहून मेकॅनिक कल्पेश आला. त्याने बॉनेट उघडून अल्टरनेटरला बोट लावलं, ते बोट तोंडात घातलं आणि म्हणाला, "काकी, अल्टरनेटर गेला." नवा बसवला. तोही तापला, शिवाय सकाळी बॅटरी उतरलेली. मग म्हणाला, "वायरिंगच जुनी हाय, कोनी काय करनार?" आपला मितेश आईला मदत म्हणून मोबाईलवर एका परदेशी माणसाचा व्हिडिओ बघत बसला. त्या माणसाची गाडी बर्फात उभी होती, तेव्हा तापण्याबद्दलचं त्याचं मत मी मनावर घेतलं नाही. शेजारच्या मार्गारेटने तीर्थ आणून शिंपडलं. लिंबू-मिरची मी आधीच बांधली होती. तरी गाडी तापली, म्हणजे दोष कुठल्याच धर्माचा नाही एवढं ठरलं.

शेवटी मी कपाटातलं गाडीचं पुस्तक काढलं. शब्द अडला की मी आकृती बघते, असं करत पुष्कळ वाचून होतं. त्यातून समजलं ते असं: अल्टरनेटर वीज तयार करून बॅटरी भरतो. बॅटरी कुठेतरी गुपचूप रिकामी होत असेल, तर तो भरत राहतो आणि तापतो. (हे पुस्तकाशिवायही कळलं असतं, मी संसार केला आहे.)

प्रश्न एवढाच, की वीज पितंय कोण. सगळे पुढेच शोधत होते, कारण इंजिन पुढे असतं. मी डिकी उघडली. दादरच्या बाजाराला जाणारा चाफा स्टेशनपर्यंत कोमेजू नये म्हणून तुमच्या भावाने तिथे गोणपाटाखाली पंखा बसवला होता. त्याला बटण नाही, थेट बॅटरीवरून वायर. बंद करायचा तर पिन काढायची. शेवटच्या दिवशी फुलं पोचवून ते घरी आले ते छाती धरूनच, पिन तशीच राहिली. पात्यांत वाळक्या पाकळ्या अडकलेल्या, त्यामुळे फिरणं नाही की आवाज नाही, नुसता गरम. नवी बॅटरी आली तसा तो पुन्हा कामाला लागला. मालक गेल्याचं त्याला कोणी कळवलं नव्हतं.

कल्पेश म्हणाला, "काका पन काय एकेक करायचे." मी त्याला चहा दिला आणि जरा आत जाऊन आले.

तर भावोजी, अशा गाडीची हमी कोणी द्यावी? तुमच्या भावाला वायरी ओढायची हौस होती. आज पंखा निघाला, उद्या काय निघेल? गिऱ्हाइकाला प्रामाणिकपणे कळवा, की गाडी तापते.

तुमची,
प्रेमलता वहिनी

ता. क. : पिन काढल्यापासून गाडी तापत नाही. किल्ल्यापर्यंत जाऊन आलो. हे गिऱ्हाइकाला सांगायची गरज नाही.

ता. क. २ : 'आलो' म्हणजे मी आणि मार्गारेट. ती शिकवते, मी चालवते. शिकाऊ लायसन्स काढलंय. विक्रीला माझी सही लागते म्हणतात, ती मिळणार नाही. तुम्ही मात्र रविवारी जरूर या, आणि तुमच्याकडे असलेली गाडीची दुसरी चावी घेऊन या. पहिली मितेश हल्ली लपवून ठेवतो.